धनुष्याची नेम-जुळणी

धनुष्याची नेम-जुळणी (खेळाडूंच्या बोलीत ‘साईट लावणे’ किंवा ‘साईट सेट करणे’) म्हणजे धनुष्यावरील नेमदर्शक, अर्थात साईट, अशा जागी स्थिर करणे की ठरावीक अंतरावरून लक्ष्याच्या मध्यावर नेम धरून सोडलेले बाण मध्याभोवतीच लागावेत. धनुष्यातून सुटलेला बाण सरळ रेषेत जात नाही. गुरुत्वाकर्षणामुळे तो सुटल्याक्षणापासून खाली येऊ लागतो आणि अंतर वाढेल तशी ही घट झपाट्याने वाढते. म्हणून प्रत्येक अंतरासाठी साईटची जागा वेगळी असते. या जागेची पट्टीवरील नोंद ‘साईट मार्क’ किंवा नेमचिन्ह म्हणून ओळखली जाते.

साईट बाणाला दिशा देत नाही. विशिष्ट धनुष्य, विशिष्ट बाण आणि विशिष्ट तिरंदाजाची दोरी ओढण्याची पद्धत यांचा एकत्रित परिणाम ती फक्त नोंदवते. यांपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी आधीची नेमचिन्हे पुन्हा तपासावी लागतात. त्यामुळे एका खेळाडूची नेमचिन्हे तशाच धनुष्यावरही दुसऱ्या खेळाडूच्या उपयोगी पडत नाहीत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात धनुष्यबाणासाठी ‘तीरकामठा’ हा जुना शब्द रूढ आहे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत बांबूच्या कामठ्याचा वापर पिढ्यानपिढ्या होत आला आहे. अशा धनुष्यावर साईट नसते. लक्ष्य किती दूर आहे याचा अंदाज घेऊन बाणाचे टोक किती वर धरायचे, हे सरावाने हाताला व डोळ्याला कळते. नेम जुळवण्याचे काम येथेही होतच असते, पण त्याची नोंद पट्टीवर नसून तिरंदाजाच्या अंगवळणी पडलेली असते. भारतातील स्पर्धांमध्ये बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राऊंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे आणि अनेक खेळाडूंची सुरुवात त्यातूनच होते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये साईटसह वापरली जाणारी धनुष्ये मुख्यतः दोन प्रकारची आहेत. रिकर्व्ह धनुष्याच्या पात्यांची टोके पुढे वळलेली असतात. २०२४ पर्यंतच्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांत साईट असलेल्या धनुष्यांपैकी कंपाऊंडला स्थान नव्हते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्यात आला आहे. कंपाऊंड धनुष्याच्या टोकांना कप्प्या (कॅम) असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरील भार बराच कमी होतो आणि बाणाचा वेग जास्त मिळतो.

अंतरे आणि लक्ष्यपट

नेम किती बारकाईने जुळवावा लागतो, हे अंतर आणि लक्ष्यपटाचा आकार यांवर ठरते. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

• रिकर्व्ह, मैदानी: ७० मीटर अंतर, १२२ सेंमी व्यासाचा लक्ष्यपट. १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंमी.
• कंपाऊंड, मैदानी: ५० मीटर अंतर, ८० सेंमी व्यासाचा लक्ष्यपट. १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंमी.
• बंदिस्त सभागृहातील स्पर्धा: १८ मीटर अंतर, ४० सेंमी व्यासाचा लक्ष्यपट. रिकर्व्हसाठी १० गुणांचे वर्तुळ ४ सेंमी, तर कंपाऊंडसाठी केवळ आतले २ सेंमीचे वर्तुळ धरले जाते.
• १४४० राऊंड: पुरुषांसाठी ९०, ७०, ५० व ३० मीटर आणि महिलांसाठी ७०, ६०, ५० व ३० मीटर. प्रत्येक अंतरावर ३६ असे एकूण १४४ बाण.

१४४० राऊंडमध्ये एकाच स्पर्धेत चार अंतरे येतात, त्यामुळे चारही नेमचिन्हे आधीच पक्की असावी लागतात. फील्ड तिरंदाजीत टेकड्या व झाडीतून जाणाऱ्या मार्गावर वेगवेगळ्या अंतरांवर लक्ष्ये मांडलेली असतात. तेथे चार-पाच नोंदी पुरत नाहीत, संपूर्ण पट्टीच तयार ठेवावी लागते.

शास्त्रीय आधार

बाणाची घट

हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला तर बाण किती खाली येतो, हे केवळ उड्डाणाच्या वेळेवर ठरते. घट ही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रिकर्व्हच्या बाणाचा वेग ६० मीटर प्रतिसेकंद आणि कंपाऊंडच्या बाणाचा वेग ८५ मीटर प्रतिसेकंद मानल्यास गणिताने पुढील आकडे मिळतात.

• १८ मीटर: रिकर्व्ह ४४ सेंमी, कंपाऊंड २२ सेंमी
• ३० मीटर: रिकर्व्ह १.२३ मीटर, कंपाऊंड ०.६१ मीटर
• ५० मीटर: रिकर्व्ह ३.४१ मीटर, कंपाऊंड १.७० मीटर
• ७० मीटर: रिकर्व्ह ६.६८ मीटर, कंपाऊंड ३.३३ मीटर
• ९० मीटर: रिकर्व्ह ११.०४ मीटर, कंपाऊंड ५.५० मीटर

म्हणजे ७० मीटरवरील लक्ष्याच्या मध्यावर लागणारा रिकर्व्हचा बाण प्रत्यक्षात त्याच्या सुमारे साडेसहा मीटर वरच्या बिंदूकडे रोखून सोडलेला असतो. साईट खाली सरकवल्याने हेच साधते. खालची साईट मध्यावर आणण्यासाठी तिरंदाजाला धनुष्याचा हात वर न्यावा लागतो आणि बाणाचे टोक आपोआप उंचावते.

घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असली, तरी साईटचे सरकणे जवळजवळ समप्रमाणात होते, कारण साईटला घट नव्हे तर कोन भरून काढायचा असतो. डोळा आणि साईट यांतील अंतर ९० सेंमी मानल्यास वरील रिकर्व्हसाठी दर १० मीटरला साईट सुमारे १२ मिमी खाली न्यावी लागते. कंपाऊंडसाठी हेच प्रमाण सुमारे ६ मिमी आहे. प्रत्यक्षात हवेच्या अडथळ्याने बाणाचा वेग मंदावत जातो. त्यामुळे दूरच्या अंतरांवर पट्टीवरील चिन्हांमधील जागा थोडी थोडी वाढत जाते.

डोळा आणि बाण यांतील उंचीचा फरक

दोरी पूर्ण ओढल्यावर बाण डोळ्याच्या रेषेत नसून खाली, हनुवटीजवळ किंवा जबड्याजवळ असतो. दूरच्या अंतरावर या फरकाचा परिणाम नगण्य असतो, अगदी जवळ मात्र तो गुरुत्वाकर्षणापेक्षाही वरचढ ठरतो. डोळा बाणाच्या ११ सेंमी वर आहे असे मानल्यास वरील रिकर्व्हसाठी साईटची सर्वांत वरची जागा सुमारे ९ मीटरवर आणि कंपाऊंडसाठी सुमारे १३ मीटरवर येते. त्याहून जवळच्या लक्ष्यासाठी साईट पुन्हा खाली न्यावी लागते. फील्ड तिरंदाजीत पाच मीटरवरील लक्ष्य ‘सोपे’ समजून साईट सर्वांत वर ठेवणाऱ्या नवख्या खेळाडूचा बाण खाली लागतो, तो याच कारणाने.

एका मिलिमीटरची किंमत

डोळ्यापासून ९० सेंमीवर असलेली साईट १ मिमी सरकली, तर बाण लागण्याची जागा ५० मीटरवर सुमारे ५.५ सेंमी आणि ७० मीटरवर सुमारे ७.८ सेंमी बदलते. कंपाऊंडच्या १० गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंमी असल्याने मध्यापासून साईट पाऊण मिलिमीटरने चुकली तरी गटाचा मध्य ९ गुणांच्या वलयात जातो. रिकर्व्हमध्येही ७० मीटरवर ही मर्यादा जवळपास तेवढीच आहे.

पूर्वतयारी

धनुष्य व बाण स्थिर झाल्याशिवाय नेमचिन्हे घेण्यात अर्थ नसतो. पुढील गोष्टी आधी निश्चित केल्या जातात.

• दोरी आणि मूठ यांतील अंतर (ब्रेस हाइट) मोजून लिहून ठेवणे. दोरी ताणली जाऊन हे अंतर कमी झाल्यास बाणाच्या वेगावर परिणाम होतो.
• दोरीवर बाण अडकवण्याची जागा (नॉकिंग पॉइंट) पक्की करणे.
• सर्व बाण समान लांबीचे, वजनाचे, कडकपणाचे आणि एकाच पद्धतीने पिसे लावलेले असणे.
• साईटची उभी पट्टी दोरीला समांतर असणे. पट्टी तिरकी असल्यास ३० मीटरवर मध्यात लागणारे बाण ७० मीटरवर एका बाजूला जातात.
• साईटचे सर्व स्क्रू घट्ट असणे. कंपाऊंडमध्ये दोरीत बसवलेली पीप, म्हणजे पाहण्याचे छिद्र असलेली कडी, सरकणार नाही अशी बांधलेली असणे.

तिरंदाजाचे अंगवळणही तयारीचाच भाग आहे. रिकर्व्हमध्ये दोरी नाकाच्या टोकाला व हनुवटीला टेकते. या ठरावीक जागेला अँकर म्हणतात. बंदुकीला मागची साईट असते, तसे काम येथे अँकर करतो. हनुवटीखालचा हात एक मिलिमीटर वरखाली झाला, तरी लक्ष्यावर साईट एक मिलिमीटर सरकल्यासारखीच, किंबहुना थोडी अधिक चूक दिसते. त्यामुळे ज्याचा अँकर अजून स्थिर झालेला नाही, अशा विद्यार्थ्याला प्रशिक्षक आधी जवळून मोठ्या लक्ष्यावर सराव देतात आणि दूरची नेमचिन्हे नंतर घेतात.

पद्धत

मूळ नियम

बाण मध्याच्या ज्या बाजूला लागतात, त्याच बाजूला साईट सरकवायची असते. बाण खाली लागत असतील तर साईट खाली आणि डावीकडे लागत असतील तर साईट डावीकडे. ‘बाण जिकडे, साईट तिकडे’ असा हा नियम लक्षात ठेवता येतो. नवख्याला हे उलटे वाटते. परंतु डावीकडे नेलेली साईट पुन्हा मध्यावर आणताना धनुष्य उजवीकडे वळते आणि बाणही उजवीकडे, म्हणजे मध्याकडे जातो.

जवळून दूर

१. लक्ष्यापासून सुमारे १० मीटरवर उभे राहून मोठ्या लक्ष्यपटावर सुरुवात केली जाते. साईटची जागा साफ चुकलेली असली तरी बाण लक्ष्याबाहेर जात नाहीत.

२. नेम मध्यावरच ठेवून किमान तीन, शक्यतो सहा बाण सोडले जातात. पहिला बाण चुकल्यावर पुढच्या बाणाचा नेम बदलणे टाळावे लागते. तसे केल्यास साईटची चूक आणि तिरंदाजाची दुरुस्ती एकमेकांत मिसळतात.

३. बाणांच्या गटाचा (ग्रुपचा) मध्य ठरवून त्यानुसार साईट हलवली जाते. सोडतानाच चुकल्याचे जाणवलेला बाण हिशेबात धरला जात नाही.

४. गट मध्यावर आला की पट्टीवरील आकडा वहीत लिहून १८ किंवा २० मीटरवर जाऊन तीच क्रिया केली जाते. त्यानंतर ३०, ४०, ५० असे दहा-दहा मीटरने अंतर वाढवले जाते. प्रत्येक वेळी मागे जाण्याआधी साईट अंदाजाने थोडी खाली घेतली जाते.

५. डावे-उजवे समायोजन शेवटी, सर्वांत दूरच्या अंतरावर आणि वारा नसताना पक्के केले जाते. जवळून न दिसणारी लहान चूक तेथे स्पष्ट दिसते.

६. सर्व अंतरांची चिन्हे मिळाल्यावर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासणी केली जाते. थकलेल्या हाताने घेतलेले चिन्ह ताज्या हाताला लागू पडतेच असे नाही.

साईट किती सरकवावी

साईट किती सरकवायची हे अंदाजाऐवजी त्रैराशिकाने काढता येते:

साईटचे सरकणे = लक्ष्यावरील चूक × (डोळा ते साईट अंतर ÷ लक्ष्याचे अंतर)

उदाहरणार्थ, ५० मीटरवर गटाचा मध्य ११ सेंमी खाली आहे आणि डोळा ते साईट अंतर ९० सेंमी आहे. सर्व अंतरे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास ११ × ९० ÷ ५००० = ०.१९८ सेंमी, म्हणजे साईट सुमारे २ मिमी खाली न्यावी लागेल. साईटच्या स्क्रूच्या एका क्लिकला ती किती सरकते हे माहीत असल्यास हीच दुरुस्ती क्लिकमध्ये मोजता येते.

किती बाणांवर विश्वास ठेवावा

गटाचा मध्य हा अंदाज असतो आणि बाण जितके कमी तितका तो कच्चा असतो. एकेका बाणाचे विखुरणे सरासरी ६ सेंमी असेल, तर तीन बाणांच्या मध्यातील अनिश्चितता सुमारे ३.५ सेंमी, सहा बाणांच्या मध्यात सुमारे २.५ सेंमी आणि बारा बाणांच्या मध्यात सुमारे १.७ सेंमी राहते. एका बाणावरून साईट हलवणारा खेळाडू त्यामुळे स्वतःच्याच विखुरण्याचा पाठलाग करत राहतो. एकदा वर, एकदा खाली अशी साईट हलत राहते आणि गट कधीच स्थिरावत नाही.

मधली अंतरे

दोन ज्ञात चिन्हांवरून मधल्या अंतराचे चिन्ह काढता येते. ३० व ७० मीटरची चिन्हे माहीत असल्यास ५० मीटरचे चिन्ह त्यांच्या साधारण मध्यावर येते. मात्र पट्टीवरील वाढ अगदी समान नसल्याने असे सरासरीने काढलेले चिन्ह किंचित जास्त खाली येते आणि बाण काही सेंटिमीटर वर लागतात. म्हणून गणिताने सुरुवात करून शेवटचा निर्णय मैदानावर घेतला जातो. ज्ञात चिन्हांच्या पलीकडील अंतराचे चिन्ह, उदाहरणार्थ ३० व ५० वरून ९० मीटरचे, काढणे अधिक जोखमीचे असते.

चुकीचे निदान

सर्वच चुका साईट हलवून सुटत नाहीत. अंतर वाढल्यावर चूक कशी वाढते, हे पाहून तिचे कारण ओळखता येते. २० मीटरवर ५ सेंमी आणि ४० मीटरवर १० सेंमी डावीकडे, अशी चूक समप्रमाणात वाढत असेल तर साईटचे आडवे समायोजन बाकी आहे असे मानले जाते.

निदानासाठी ‘वॉक बॅक’ ही चाचणी वापरतात. जवळच्या अंतराच्या चिन्हावर साईट ठेवून लक्ष्याच्या वरच्या भागातील एकाच बिंदूवर नेम धरला जातो आणि क्रमाने मागे जात बाण सोडले जातात. बाण एकाखाली एक उभ्या रेषेत लागल्यास जुळणी योग्य असते. रेषा तिरकी आल्यास बाणाची दोरीसापेक्ष मध्यरेषा (सेंटर शॉट) तपासावी लागते. रेषा धनुष्याकृती वळल्यास बाणाला बाजूने आधार देणाऱ्या प्रेशर बटणाचा कडकपणा तपासला जातो.

धनुष्य तिरके होणे ही सहज लक्षात न येणारी चूक आहे. वरच्या उदाहरणातील कंपाऊंड केवळ एका अंशाने कलल्यास ५० मीटरवर बाण सुमारे ३ सेंमी बाजूला जातो. रिकर्व्हमध्ये ७० मीटरवर हे अंतर ११ सेंमीहून अधिक भरते आणि बाण १० गुणांच्या वर्तुळाबाहेर पडतो. कंपाऊंडच्या साईटवर भिंग आणि पाणसळीसारखी बुडबुड्याची नळी वापरण्यास नियमांनी परवानगी आहे. रिकर्व्हमध्ये या दोन्ही गोष्टींना मनाई असल्याने धनुष्य सरळ धरण्याची सवयच उपयोगी पडते.

उभी चूक बहुधा वेगातील फरकातून येते. रिकर्व्हच्या बाणाचा वेग ६० वरून ५९ मीटर प्रतिसेकंद झाला तर ३० मीटरवर बाण सुमारे ४ सेंमी खाली लागतो, म्हणजे ८० सेंमीच्या लक्ष्यपटावर १० गुणांच्या सीमेवर. ७० मीटरवर मात्र तो सुमारे २३ सेंमी खाली, ७ गुणांच्या वलयात जातो. प्रत्येक वेळी दोरी तेवढीच ओढली जावी यासाठी रिकर्व्ह खेळाडू क्लिकर वापरतात. बाण ठरलेल्या लांबीपर्यंत मागे आला की ही धातूची पट्टी ‘टक्’ असा आवाज करते.

हवामान आणि भूप्रदेश

नेमचिन्हे शक्यतो वारा नसताना घेतली जातात. स्पर्धेत वारा सुटल्यास काही खेळाडू साईट हलवतात, तर काही साईट तशीच ठेवून वाऱ्याच्या दिशेला नेम सरकवतात. वारा क्षणाक्षणाला बदलत असेल तर दुसरी पद्धत सोयीची ठरते, कारण मूळ चिन्ह हरवत नाही.

तापमानाचाही परिणाम होतो. तापलेल्या हवेची घनता कमी असल्याने बाणाला अडथळा थोडा कमी होतो. उलट, उष्णतेने धनुष्याची पाती व दोरी किंचित सैलावू शकतात. विदर्भात वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–नाचणगावपासून नागपूरपर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५° सेल्सिअसच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील सकाळ बरीच थंड असते. अशा ठिकाणी थंडीतील सकाळच्या सरावात घेतलेली चिन्हे मे महिन्यातील दुपारच्या स्पर्धेपूर्वी तपासून पाहणे आवश्यक ठरते. धनुष्य उन्हात किंवा बंद वाहनात ठेवणे टाळले जाते. वहीत चिन्हासोबत तारीख, वेळ व हवामान लिहिण्याची पद्धत यासाठीच आहे.

चढ-उताराच्या जमिनीवर बाणाची घट आडव्या अंतरावर अवलंबून असते. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर दूर असलेल्या लक्ष्याचे आडवे अंतर सुमारे ३४.६ मीटर असते. तेथे ४० ऐवजी साधारण ३५ मीटरचे चिन्ह वापरावे लागते. चढावर आणि उतारावर दोन्हीकडे दुरुस्ती याच दिशेने होते.

साईटशिवाय नेम

बेअरबो प्रकारात साईटला परवानगी नसते आणि बाणाचे टोकच नेमासाठी वापरले जाते. ज्या अंतरावर टोक थेट मध्यावर धरले असता बाण मध्यात लागतो, त्या अंतराला ‘पॉइंट ऑन’ म्हणतात. त्याहून जवळच्या लक्ष्यासाठी बोटे दोरीवर बाणापासून खाली सरकवून धरली जातात, त्यामुळे बाणाची मागची बाजू डोळ्याजवळ येते. बोटे किती खाली न्यायची हे बोटांवरील चामडी संरक्षकाच्या टाक्यांवरून मोजले जाते. दर अंतराला टाक्यांची एक संख्या, अशी ही नेमचिन्हांचीच दुसरी पद्धत आहे.

महाराष्ट्रातील तिरंदाज

अचूक नेम-जुळणीवर आधारलेल्या कंपाऊंड प्रकारात महाराष्ट्राच्या खेळाडूंनी २०२३ साली जागतिक यश मिळवले. बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी वयाच्या १७ व्या वर्षी मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा यांचा १४९–१४७ असा पराभव करून महिलांचे वैयक्तिक विजेतेपद जिंकले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच दिवशी नागपूरचे ओजस देवतळे यांनी पोलंडच्या लुकाश प्रझिबिल्स्की यांना १५०–१४९ असे हरवून पुरुषांचे विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्यात देवतळे यांचे पंधराही बाण ५० मीटरवरील ८ सेंमीच्या वर्तुळाचे १० गुण घेऊन गेले. दोघांनीही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला होता.

त्याच वर्षी बुलढाण्याचे प्रथमेश जावकर यांनी शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सचे माईक श्लोसर यांच्यावर १४९–१४८ अशी मात केली. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत देवतळे यांनी वैयक्तिक, पुरुष सांघिक व मिश्र सांघिक अशी तीन सुवर्णपदके मिळवली. रिकर्व्ह प्रकारात फलटण तालुक्यातील सरडे येथील प्रवीण जाधव यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. आधी धावपटू असलेले जाधव राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतून तिरंदाजीकडे वळले.

बर्लिनच्या दोन्ही अंतिम सामन्यांत मिळून विजेत्यांनी ३० बाणांत केवळ एक गुण गमावला. या पातळीवर विजय-पराजयातील अंतर एका गुणाचे असते आणि तो गुण साईटवरील एक मिलिमीटरपेक्षा लहान फरकाने जाऊ किंवा मिळू शकतो.

सुरक्षितता

नेम न जुळलेल्या धनुष्याचा बाण कुठे जाईल हे निश्चित नसल्याने ही क्रिया सर्वाधिक सावधगिरीची मानली जाते. लक्ष्यामागे मातीचा भराव, जाळी किंवा मोकळी व निर्मनुष्य जागा असणे आवश्यक असते. दोरी ओढताना बाण आकाशाकडे रोखला जाऊ नये, कारण चुकून सुटलेला बाण मैदानापलीकडे जाऊ शकतो. अंतर एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवले जाते आणि सर्वांचे बाण सोडून झाल्याशिवाय कोणीही लक्ष्याकडे जात नाही. बाण न लावता ओढलेली दोरी सोडणेही धोक्याचे असते. त्यात धनुष्य तुटून इजा होऊ शकते.

हे सुद्धा पहा

• तिरंदाजी
• रिकर्व्ह धनुष्य
• कंपाऊंड धनुष्य
• ओजस देवतळे
• अदिती स्वामी